कार्थेजच्या दोन रक्तसाक्षिणी

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यांत ज्या स्त्रियांनीं धर्मासाठीं प्राण दिले, त्यांच्या चरित्रांकडे पाहण्याच्या दोन रीति सामान्यतः आढळतात. भाविक मनुष्य सिंह पायाशीं लोळल्याची, पेटलेली चिता विझल्याची, खिळ्यांच्या चाकाचे तुकडे झाल्याची कथा जशीच्या तशी हृदयाशीं धरतो. चिकित्सक मनुष्य त्याच कथेवर एक दृष्टि टाकतो आणि सर्वच दंतकथा म्हणून ग्रंथ मिटून ठेवतो. आमच्या मतें या दोन्ही रीति सारख्याच अन्यायाच्या आहेत. कारण या चमत्कारकथांच्या राशीखालीं एक लहानसें टिपण दडलेलें आहे. तें २२ वर्षांच्या एका तरुण मातेनें तुरुंगांत, मरण समोर दिसत असतां, लिहिलें. तिचें नांव विबिआ पर्पेतुआ. तिच्याबरोबर मरण पत्करलेल्या दासीचें नांव फेलिसितास. या दोघींची हकीकत, आणि पुढें संतपदास पोंचल्यावर त्या हकीकतीचें काय झालें, तें आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार केला पाहिजे. अशा व्यक्तींना ग्रीक भाषेंत ‘मार्तुस’ म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘साक्षीदार’ असा आहे. आपल्या ‘हुतात्मा’ या शब्दांत भर आहे तो आहुतीवर, म्हणजे मरणावर. ग्रीक शब्दांत भर आहे तो बोलण्यावर. न्यायासनासमोर उभें राहून मनुष्यानें जें सांगितलें ती त्याची साक्ष, आणि मरण हें त्या साक्षीवरील शिक्कामोर्तब. म्हणून आम्ही येथें ‘रक्तसाक्षी’ हा शब्द योजिला आहे. साक्षीदाराचा सन्मान करावयाचा तर त्याची साक्ष ऐकली पाहिजे, ही गोष्ट उघड आहे. परंतु संतांच्या पूजेंत नेमकी तीच कधीं कधीं विसरली जाते.

रोमन राज्यकर्त्यांचें मागणें वरवर पाहतां फार थोडें होतें. सम्राटाच्या कल्याणार्थ देवतांना बलि किंवा चिमूटभर धूप अर्पण केला म्हणजे आरोपी मोकळा होई. न करणें हा हट्ट, आणि हट्ट हा राजद्रोह, असें अधिकाऱ्यांना वाटे. इ. स. ११२ च्या सुमारास धाकट्या प्लिनीनें त्राजान बादशहास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत, ख्रिस्ती मंडळींत सेविका म्हणविणाऱ्या दोन दासींना यातना देऊन आपण चौकशी केली, असें तो सहज सांगून जातो. त्यांचीं नांवेंही त्यानें दिलेलीं नाहींत. इ. स. १७७ मध्यें गॉल देशांतील लुग्दुनुम म्हणजे आजच्या लिओं शहरीं ब्लांदिना नांवाची दासी मारली गेली. तिच्या धैर्याचें वर्णन तेथील मंडळींनीं पत्रद्वारें लिहून ठेविलें व तें युसेबिअसच्या इतिहासांत टिकून राहिलें. परंतु तेंही दुसऱ्यांनीं केलेलें वर्णन. या स्त्रियांविषयीं लिहिणारे पुष्कळ. स्वतः लिहिणारी अशी आपल्याला प्रथम भेटते ती कार्थेजची पर्पेतुआ.

कार्थेज हें उत्तर आफ्रिकेंतील रोमन प्रांताचें मुख्य शहर. आजच्या ट्यूनिस राजधानीलगत त्याचे अवशेष पसरलेले आहेत. तेथें बहुधा इ. स. २०३ सालीं कांहीं तरुण दीक्षार्थींना अटक झाली. रेवोकातुस व फेलिसितास हीं दोघें दासवर्गांतलीं, सातुर्निनुस, सेकुन्दुलुस, आणि पर्पेतुआ. त्यांचा गुरु सातुरुस अटकेच्या वेळीं तेथें नव्हता. तो मागाहून आपण होऊन स्वाधीन झाला. पर्पेतुआ कुलीन घरांतली, सुशिक्षित, विधिपूर्वक विवाह झालेली, आणि अंगावर पिणाऱ्या मुलाची आई. आईबाप हयात होते, दोन भाऊ होते. नवऱ्याचा मात्र संपूर्ण वृत्तांतांत एकदांही उल्लेख नाहीं, आणि त्याविषयीं विद्वानांनीं आजवर जितके तर्क लढविले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयीं लढविले असतील.

हा वृत्तांत तीन हातांचा आहे. मध्यभागीं पर्पेतुआचें टिपण, त्याला जोडून सातुरुसनें लिहिलेलें आपलें स्वप्न, आणि आरंभीं व शेवटीं एका अज्ञात संपादकाची प्रस्तावना व प्रत्यक्ष मरणाचें वर्णन. हा संपादक म्हणजे सुप्रसिद्ध तेर्तुलियान असावा असें कित्येकांनीं म्हटलें आहे, परंतु त्यास पुरावा नाहीं. टिपण खरोखर पर्पेतुआचेंच काय, अशी शंका काढणारेही आहेत. तथापि संपादकाची भारदस्त, वळणदार भाषा आणि मधल्या भागांतील तुटक, साधीं, कोठेंही न सजविलेलीं वाक्यें यांतील अंतर इतकें स्पष्ट आहे कीं, बहुतेक अभ्यासक तें टिपण तिचेंच मानतात. आम्हांसही तेंच मत पटतें.

या टिपणांत धर्मचर्चा जवळजवळ नाहीं. त्यांत मुख्य आहे तो बाप. तो चार वेळां मुलीसमोर येतो. पहिल्या भेटींत ती जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारते कीं, याला त्याच्या नांवावांचून दुसरें नांव देतां येईल काय? नाहीं, असें तो म्हणतो. तेव्हां मीही जी आहें तीवांचून दुसरी म्हणवून घेऊं शकत नाहीं, असें ती उत्तर देते. संतापानें बाप तिचे डोळे काढावयास धांवल्यासारखा अंगावर येतो आणि हरून निघून जातो. दुसऱ्या भेटींत त्याचा संताप गेलेला आहे. आपल्या पिकल्या केंसांची, तिच्या आईची, भावांची, मावशीची आणि आईवांचून न जगणाऱ्या मुलाची तो तिला आठवण देतो. तिचे हात चुंबितो, तिच्या पायांवर पडतो, आणि रडत रडत तिला मुलगी न म्हणतां ‘बाईसाहेब’ म्हणून संबोधितो. रोमन गृहपतीची सत्ता केवढी असे हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांना या एका संबोधनांत सर्व जग उलटें झालेलें दिसेल. आपल्या सर्व नातलगांत माझ्या मरणानें ज्याला आनंद होणार नाहीं असा हा एकटाच, हें जाणून मला त्याचें दुःख झालें, असें ती लिहिते. बापाला ती धर्मशत्रु म्हणून झिडकारीत नाहीं. तिला त्याची कीव येते, आणि तरीही ती ढळत नाहीं.

दुसरा धागा मुलाचा. तुरुंगांत प्रथम टाकल्यावर आपण भ्यालों, असला अंधार कधीं पाहिला नव्हता, हें ती सरळ कबूल करते. गर्दीचा उकाडा, शिपायांची पैशासाठीं दांडगाई, आणि या सर्वांवर मुलाची काळजी. तेर्तिउस व पोम्पोनिउस या दोघां धर्मसेवकांनीं शिपायांना पैसे चारून कैद्यांना कांहीं तास बऱ्या जागेंत आणविलें, तेव्हां भुकेनें मलूल झालेल्या मुलाला तिनें पाजलें. पुढें मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली आणि एका क्षणांत तुरुंग मला राजवाड्यासारखा वाटूं लागला, असें ती म्हणते. हें वाक्य कोणा प्रवचनकाराला सुचणारें नव्हे.

मग भर चौकांत चौकशी झाली. प्रांताधिपति मरण पावला असल्यामुळें हिलारिआनुस नांवाचा अधिकारी त्याच्या जागीं न्यायदान करीत होता. बाप मुलाला घेऊन पुढें आला. अधिकारीही तिला बापाच्या पिकल्या केंसांची व मुलाच्या कोंवळ्या वयाची दया धरावयास सांगूं लागला. सम्राटांच्या कल्याणासाठीं बलि दे, येवढेंच त्याचें म्हणणें. तिनें तें नाकारलें, आणि ख्रिस्ती आहेस काय या प्रश्नाला होकार दिला. बाप तरीही मधें पडूं लागला, तेव्हां त्याला खालीं पाडून छडीनें मारविण्यांत आलें. तो मार जणूं मलाच बसला, असें ती लिहिते. सर्वांना हिंस्र पशूंपुढें टाकण्याची शिक्षा झाली. तुरुंगांत परतल्यावर तिनें मुलाला आणावयास पाठविलें, पण बापानें तें दिलें नाहीं. ईश्वरकृपेनें मुलानें पुन्हां दूध मागितलें नाहीं व माझ्या स्तनांनाही ठणका लागला नाहीं, येवढी नोंद करून ती पुढें जाते. ज्या आईनें तान्हें मूल तोडलें आहे तिला या दोन ओळींतील दुःख आणि सुटका हीं दोन्हीं समजावून सांगावीं लागणार नाहींत.

तिचीं स्वप्नें प्रसिद्ध आहेत. आकाशाला भिडलेली अरुंद पितळी शिडी, तिच्या दोहों बाजूंस तलवारी आणि आंकडे, पायथ्याशीं अजगर. त्याच्या डोक्यालाच पहिली पायरी करून ती वर जाते व एका बागेंत मेंढ्यांची धार काढणारा वृद्ध मेंढपाळ तिच्या हातावर दह्याचा घांस ठेवतो. दुसरीं दोन स्वप्नें तिच्या दिनोक्रातेस नांवाच्या धाकट्या भावाचीं. तो ७ वर्षांचा असतां तोंडावरील भयंकर व्रणानें वारला होता. प्रथम तो तहानेलेला दिसतो; पाण्याचें कुंड त्याच्या उंचीच्या वर आहे. ती रात्रंदिवस प्रार्थना करते, आणि मग तो तिला पाणी पिऊन इतर मुलांसारखा खेळावयास जातांना दिसतो. शेवटच्या स्वप्नांत ती रंगणांत उतरते, तिचें रूप पुरुषाचें होतें, आणि एका दांडग्या मिसरी मल्लाला ती लोळविते. येथें तिचें टिपण संपतें. खेळाच्या दिवशीं काय झालें तें ज्याला लिहावयाचें असेल त्यानें लिहावें, असें सांगून ती लेखणी ठेवते.

फेलिसितासनें लेखणी हातीं धरली नाहीं. दासी असल्यामुळें कदाचित् तिला ती धरतांही येत नसेल. तिची हकीकत संपादकाकडूनच कळते. अटकेच्या वेळीं ती गरोदर होती व आतां आठवा महिना लागला होता. गर्भवतीला देहान्त शिक्षा देण्यास रोमन कायद्याची मनाई होती. म्हणजे तिचें मरण लांबणीवर पडून, पुढें चोरदरोडेखोरांच्या बरोबर तिला एकटीनें मरावें लागणार होतें. सोबत्यांनीं तिच्यासाठीं प्रार्थना केली. खेळाच्या अगोदर थोडेच दिवस तिला वेणा लागल्या. अपुऱ्या दिवसांचें बाळंतपण, ती कण्हूं लागली. तेव्हां पहारेकऱ्यांपैकीं एकानें टोमणा मारला कीं, आतांच हें, तर पशूंपुढें काय करशील? तिनें उत्तर दिलें कीं, आज जें भोगतें आहें तें माझें मी भोगतें; तेथें माझ्यासाठीं भोगणारा दुसरा माझ्या ठायीं असेल, कारण मीही त्याच्यासाठीं भोगीन. तिला मुलगी झाली व एका धर्मभगिनीनें ती आपली म्हणून वाढविली. दासीच्या तोंडचें येवढेंच बोलणें इतिहासानें राखलें आहे. परंतु साक्ष म्हणून तें पुरेसें आहे.

राजपुत्र गेता याच्या वाढदिवसाचे खेळ होते. तारीख ७ मार्च. पुरुषांना शनिदेवतेच्या पुजाऱ्यांचा व स्त्रियांना सेरेस देवीच्या पुजारिणींचा वेष चढविण्याचा बेत होता. आमचें स्वातंत्र्य राखावें म्हणूनच आम्हीं आपण होऊन प्राण दिले आहेत, असें पर्पेतुआनें बजावलें आणि अधिकाऱ्याला तें मान्य करावें लागलें. दोघींसाठीं एक माजलेली रानगाय आणली होती. प्रथम त्यांना विवस्त्र करून जाळ्यांत उभें केलें. परंतु एक नाजूक तरुणी आणि दुसरी नुकतीच बाळंत झालेली, जिच्या स्तनांतून दूध ठिबकत आहे, हें पाहून तो रक्ताला चटावलेला जनसमूहही शहारला. त्यांना परत नेऊन वस्त्रें देण्यांत आलीं. गायीनें पर्पेतुआला उडवून पाडलें. तिनें उठून बसतांना फाटलेलें वस्त्र मांडीवर ओढलें, आणि केंसांना लावावयास पिन मागितली. मोकळे केंस हें शोकाचें चिन्ह, आणि आपण शोक करीत आहों असें दिसावें हें तिला नको होतें. मग तिनें फेलिसितासला हात देऊन उठविलें. कुलीन घरची मुलगी आणि दासी त्या रंगणांत शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. शेवटीं तलवारीनें मारतांना नवशिक्या मारेकऱ्याचा हात कांपूं लागला, तेव्हां पर्पेतुआनें तो आपल्या हातानें गळ्याशीं नेला.

आतां जो प्रश्न प्रत्येक गृहस्थाच्या मनांत येईल तो टाळून चालणार नाहीं. तान्ह्या मुलाला टाकून जाणारी आई, बापाच्या आसवांना न द्रवणारी मुलगी पूज्य कशी? तिला हट्टी म्हणणारे तेव्हांही होते, आजही असतील. आमचें उत्तर असें कीं, तिच्या टिपणाचा मोठेपणा नेमका येथेंच आहे. तिनें या प्रश्नाला बगल दिली नाहीं. मुलाची ओढ, बापाचा अपमान, स्वतःची भीति, सर्व तिनें लिहून ठेविलें. धर्मासाठीं मायेचीं बंधनें आपल्याला तुच्छ वाटतात असा आव तिनें कोठेंही आणला नाहीं. तिनें सोडलें तें प्रिय होतें, आणि तें प्रिय होतें हें सांगूनच तिनें सोडलें. तिचा निर्णय वाचकाला पटो अगर न पटो, तिची साक्ष खरी आहे.

यानंतरचा इतिहास पूजेचा आहे. रक्तसाक्षीचा मृत्युदिन हा त्याचा स्वर्गांतील जन्मदिवस, अशी त्या काळच्या ख्रिस्ती लोकांची समजूत असे. आपल्याकडे समाधीपाशीं पुण्यतिथि करतात तसे ते दरवर्षीं त्या दिवशीं थडग्यापाशीं जमत. इ. स. ३५४ च्या रोमच्या पंचांगांत ७ मार्चला या दोघींचीं नांवें आहेत, हें विशेष. कारण त्या यादींत रोमबाहेरच्या व्यक्ति फारच थोड्या. इ. स. ३९७ च्या कार्थेजच्या धर्मपरिषदेनें रक्तसाक्षींच्या स्मृतिदिनीं त्यांचे वृत्तांत वाचण्यास मोकळीक दिली. कार्थेजच्या एका मोठ्या मंदिरांत त्यांचें थडगें होतें. तेथें उत्खनन करणाऱ्या फादर देलात्र यांना १९०७ मध्यें या दोघींचीं व त्यांच्या सोबत्यांचीं नांवें कोरलेल्या शिलालेखाचे तुकडे सांपडले. इटलींतील राव्हेन्ना येथें सहाव्या शतकांतील कुसरीच्या भित्तिचित्रांत त्या दिसतात, आणि लॅटिन उपासनेच्या मुख्य प्रार्थनेंत फेलिसितासचें नांव पर्पेतुआच्या अगोदर उच्चारलें जातें. तेथील फेलिसितास ही त्याच नांवाची रोमची दुसरी स्त्री असावी असें कांहींचें मत आहे; तरी शतकानुशतकें ऐकणाऱ्यांच्या कानीं मात्र दासीचें नांव आधीं व धनिणीचें नंतर पडत आलें.

परंतु पूजेनें राखलें तसें झांकलेंही. हिप्पोचे धर्माध्यक्ष ऑगस्टीन यांनीं या दोघींच्या उत्सवदिनीं प्रवचनें केलीं. पर्पेतुआ म्हणजे शाश्वत आणि फेलिसितास म्हणजे सौख्य, तेव्हां दोन्ही मिळून शाश्वत सौख्य, या श्लेषावर त्यांची मोठी प्रीति. पुरुष सोबती असतां उत्सवाला स्त्रियांचींच नांवें कां, तर अबलांनीं विजय मिळविणें हें अधिक आश्चर्याचें, असें ते समजावितात. दिनोक्रातेसच्या स्वप्नाचा आधार घेऊन कोणी बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना मोक्ष मिळतो असें म्हणूं लागला, तेव्हां मात्र हें लिखाण धर्मग्रंथांतलें नव्हे, असें त्यांनीं स्पष्ट केलें. संत म्हणून ती वंद्य. लेखिका म्हणून तिला मर्यादा!

पुढें मूळ वृत्तांताची एक आटोपशीर कथा तयार झाली. तींत नवरा आणून उभा केला आहे, न्यायाधीशाचे प्रश्न वाढविले आहेत, आणि पर्पेतुआ मुलाला दूर लोटते व आईबापांना आपण ओळखत नाहीं असें सुनावते. ज्या बाईनें मुलापायीं तुरुंगाला राजवाडा म्हटलें, तिला अशी पाषाणहृदयी केल्याशिवाय कथाकाराला ती संत वाटेना. तेराव्या शतकांत याकोबुस द वोराजिनें यानें आपल्या प्रसिद्ध ‘सुवर्णकथा’ ग्रंथांत हेंच रूप घेतलें. मूळ वृत्तांताच्या लॅटिन हस्तलिखित प्रती बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. या संक्षिप्त कथेच्या त्याहून कितीतरी अधिक. लोकांना साक्षीपेक्षां पुतळा सोयीचा वाटला.

जिची साक्षच उपलब्ध नाहीं अशा संताची पूजा किती दूर पोंचते, याचें उदाहरण आपल्या शेजारीं गोव्यांत आहे. आलेक्सांद्रियाच्या कॅथेरीननें ५० पंडितांना वादांत जिंकलें व तिच्यासाठीं केलेलें खिळ्यांचें चाक मोडून पडलें, अशी कथा आहे. परंतु तिच्या काळच्या एकाही लेखांत तिचा उल्लेख नाहीं. असें असतां, २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, तिच्या उत्सवदिनीं, आल्बुकेर्कनें गोवा जिंकला, आणि त्या योगायोगानें जुन्या गोव्यांतील मुख्य धर्ममंदिर, ज्याला ‘से’ म्हणतात, तें तिच्या नांवाचें झालें. एका राजसत्तेला न जुमानल्याबद्दल पूज्य झालेली कुमारी दुसऱ्या राजसत्तेच्या विजयाची खूण झाली! १९६९ मध्यें रोमन धर्मपीठानें ऐतिहासिक पुराव्याच्या अभावीं तिचा दिवस सार्वत्रिक पंचांगांतून काढला व २००२ मध्यें ऐच्छिक म्हणून पुन्हां घातला. त्याच १९६९ च्या सुधारणेंत पर्पेतुआ व फेलिसितास यांचा, मध्यंतरीं एक दिवस अलीकडे सरकविलेला, उत्सव आपल्या मूळच्या ७ मार्च या तारखेवर परत आला.

कॅथेरीनच्या भक्तांची श्रद्धा खोटी असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आमचें म्हणणें येवढेंच कीं, पूजेला चरित्राची फारशी गरज लागत नाहीं. म्हणून जेथें चरित्र शिल्लक आहे तेथें तें वाचणें हें वाचकांचें कर्तव्य ठरतें. पर्पेतुआचा मूळ वृत्तांत सतराव्या शतकांत लुकास होल्स्टेनिउस या विद्वानाला माँते कास्सिनोच्या मठांतील हस्तलिखितांत सांपडला, आणि १८८९ मध्यें रेंडेल हॅरिस यांना त्याचें ग्रीक रूप यरुशलेम येथें मिळालें. मठवासीयांनीं तीं पानें पूज्य म्हणून जपलीं नसतीं तर विद्वानांच्या हातीं कांहींच लागलें नसतें, हेंही कबूल केलें पाहिजे. पूजेनें त्या स्त्रीचा दिवस, तिचें थडगें आणि तिचें नांव राखलें. त्या नांवामागची मुलगी, आई आणि मैत्रीण यांना राखण्याचें काम मात्र वाचणाऱ्यांवर येऊन पडतें. आणि तें करण्यास चार पानांचें तें टिपण शांतपणें वाचण्यापलीकडे कोणतीही विशेष भक्ति लागत नाहीं.